बॅक ऑफिसातून फ्रंट ऑफिसकडे: बडोद्यातल्या मराठी बँकवाल्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बडोद्यात "मुलगा बँकेत आहे" एवढं सांगितलं की समोरच्याचं समाधान होतं. १९०८ साली सयाजीराव महाराजांच्या पुढाकाराने बँक ऑफ बडोदा उभी राहिली, त्या शहरात हे साहजिकच आहे. पण बँकेत नेमकं काय करतो, हे फारसं कुणी विचारत नाही. पुढच्या पंधरा-वीस वर्षांचं सगळं गणित मात्र त्यावरच ठरतं.

मी ट्रेड फायनान्सच्या (आयात-निर्यातीच्या बँकव्यवहारांच्या) ऑपरेशन्समधून कॉर्पोरेट बँकिंगच्या रिलेशनशिप बाजूला, म्हणजे कंपन्यांशी थेट संबंध ठेवण्याच्या कामाला आलो. दांडिया बाजार, रावपुरा, मांजलपूरकडची ओळखीतली मुलंमुली गेली काही वर्षं जे विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे. परीक्षांचे आणि नियमांचे तपशील बदलत असतात, तेव्हा फी भरण्याआधी त्या त्या संस्थेच्या संकेतस्थळावर एकदा बघून घ्या.

मी काउंटरवर ग्राहकांसमोरच बसतो. मग मी फ्रंट ऑफिसमध्येच नाही का?

नाही. शाखेत पुढे बसणं आणि फायनान्सच्या भाषेतलं फ्रंट ऑफिस, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. टेलर, खातं उघडणारा, केवायसी बघणारा, क्लिअरिंगवाला हे सगळे व्यवहार पार पाडतात. ज्याच्या नावावर उत्पन्नाचा आकडा लिहिला जातो तो फ्रंट ऑफिसचा माणूस. कर्ज आणणारा रिलेशनशिप मॅनेजर (आरएम), श्रीमंत ग्राहकांची गुंतवणूक सांभाळणारा वेल्थ मॅनेजर, ट्रेझरीतला (बँकेचे स्वतःचे पैसे गुंतवणाऱ्या विभागातला) डीलर, कंपन्यांना परकीय चलनाचे भाव देणारा सेल्सवाला, इन्व्हेस्टमेंट बँकर, हे सगळे या बाजूचे.

मधला थर मिडल ऑफिसचा. डीलरने मर्यादा ओलांडली का, जोखीम किती झाली, हे तो बघतो. बॅक ऑफिस म्हणजे सेटलमेंट (व्यवहाराचे पैसे प्रत्यक्ष चुकते करणं), रिकन्सिलिएशन (नोंदी जुळवणं), कागदपत्रं, लेखे. तुम्ही कुठे आहात हे कळायला एकच प्रश्न पुरतो: वर्षअखेरीच्या अप्रायझलमध्ये तुमच्यापुढे चुका आणि टर्नअराउंड टाइमचे (काम पूर्ण व्हायला लागलेल्या वेळेचे) आकडे ठेवतात, की तुम्ही आणलेल्या धंद्याचे?

बॅक ऑफिसच्या माणसाला पुढे घ्यायला बँका का कचरतात?

याची कारणं दोन. पहिलं इतिहासाचं आहे आणि ते माहीत असावं, कारण मुलाखत घेणाऱ्याच्या मनात ते असू शकतं. निक लीसन हा बेअरिंग्ज बँकेत सेटलमेंटच्या कामातून पुढे आला. सिंगापूरला त्याच्याकडे ट्रेडिंग आणि त्याचंच सेटलमेंट, दोन्ही एकाच वेळी होतं. तोटा तो ८८८८८ क्रमांकाच्या खात्यात लपवत गेला. फेब्रुवारी १९९५ मध्ये बँक बुडाली तेव्हा तोटा ८२.७ कोटी पौंडांवर गेला होता आणि दोनशे वर्षांहून जुनी ती बँक आयएनजीने एका पौंडाला घेतली. जेरोम केर्व्हिएल सोसिएते जनरालमध्ये मिडल ऑफिसमधून ट्रेडिंग डेस्कवर गेला. जानेवारी २००८ मध्ये ४.९ अब्ज युरोंचा तोटा बाहेर आला. तपासणी कुठून होते आणि कुठून होत नाही हे त्याला आधीच्या कामामुळे ठाऊक होतं.

म्हणून ट्रेझरीत फ्रंट, मिडल आणि बॅक ऑफिस वेगळे ठेवण्यावर रिझर्व्ह बँकेचा कटाक्ष आहे. अर्थात, मागून आलेला प्रत्येक माणूस धोक्याचा असं कुणी मानत नाही. पण तुमची शिस्तीची नोंद स्वच्छ हवी. मेकरचा (नोंद करणाऱ्याचा) पासवर्ड चेकरने (ती तपासणाऱ्याने) वापरला, कटऑफनंतरची (ठरलेल्या वेळेनंतरची) एन्ट्री आधीची दाखवली, असल्या "सगळेच करतात" प्रकारांपासून आजपासूनच लांब राहा.

दुसरं कारण साधं आहे. तुम्ही धंदा आणताना कुणी तुम्हाला पाहिलेलं नाही. चूक न होऊ देणं हे तुमचं काम, आणि ते चोख झालं की ते कुणाच्या लक्षातही येत नाही. यावरचा उपाय पुढे येतो.

मग इतक्या वर्षांच्या ऑपरेशन्सच्या अनुभवाला काही किंमत आहे का?

आहे, आणि भरपूर आहे. ती कशी, हे एका उदाहरणातून सांगतो, कारण बहुतेकांना स्वतःकडे काय आहे हेच दिसत नाही.

नंदेसरीचा एक रसायनांचा निर्यातदार धरा. त्याच्या एलसीत (आयातदाराच्या बँकेने दिलेल्या पैशांच्या हमीपत्रात) शेवटची शिपमेंट तारीख १० मार्च आहे. कागद तुमच्या टेबलावर येतात, बिल ऑफ लेडिंगवर (जहाजावर माल चढल्याच्या पावतीवर) "ऑन बोर्ड" १२ मार्च. तुम्ही शेऱ्यात "लेट शिपमेंट" लिहिता, पार्टीला कळवता आणि पुढची फाइल ओढता. तुमचं काम झालं.

आता हीच गोष्ट निर्यातदाराच्या बाजूने बघा. त्या दोन दिवसांमुळे परदेशी बँकेने पैसे द्यायची हमी त्याच्या हातून गेली. आता आयातदाराने डिस्क्रेपन्सी (कागदांतली तफावत) मान्य केली तरच पैसे. त्या देशात मालाचा भाव खाली आला असेल तर तो फोन करून म्हणणार, पाच टक्के कमी करा, नाहीतर कागद परत. डिस्क्रेपन्सीची फी वेगळी, पैसे उशिरा आले म्हणून पॅकिंग क्रेडिटवरचं (निर्यातीआधी घेतलेल्या कर्जावरचं) व्याज वेगळं. यूसीपी ६०० प्रमाणे (एलसीच्या आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे) कागद तपासायला बँकेला पाच बँकिंग दिवस असतात, शिपमेंटनंतर जास्तीत जास्त २१ दिवसांत आणि एलसीची मुदत संपायच्या आत कागद सादर करायचे असतात, इन्व्हॉइसवरचं मालाचं वर्णन एलसीशी जुळावं लागतं. हे सगळं तुम्हाला तोंडपाठ आहे. त्या निर्यातदाराच्या आरएमला बहुतेक वेळा नसतं.

आणि याच पार्टीची गेल्या वर्षीही हीच चूक झाली होती, हे फक्त तुम्हाला ठाऊक आहे. एलसी आली त्याच दिवशी "तारीख तोकडी आहे, अमेंडमेंट मागून घ्या" असं सांगणारा माणूस ज्या बँकेत आहे, त्या बँकेतून निर्यातदार सहसा हलत नाही. ही फ्रंट ऑफिसची कमाई आहे, आणि ती बॅक ऑफिसच्या टेबलावर तुमच्यासमोर पडलेली आहे.

हे सगळ्याच डेस्कांना लागू पडतं. क्लिअरिंगवाल्याला चेक परत येण्याचं प्रमाण कुणाचं वाढतंय ते आधी दिसतं. कर्जाच्या सीपीसीतल्या (केंद्रीय प्रोसेसिंग केंद्रातल्या) मुलीला कोणत्या प्रकारच्या फाइली वारंवार अडकतात ते माहीत असतं.

कोणत्या बाजूला जावं? सगळे "इन्व्हेस्टमेंट बँकिंग" म्हणतात.

म्हणतात खरे, पण भारतात ऑपरेशन्समधून थेट त्या डेस्कवर जाणं फार विरळ. तिथली भरती मुख्यतः नामांकित एमबीए आणि सीए यांच्यातून होते. ते दार बंद नाही, पण मधे क्रेडिट ॲनालिस्ट (कर्जप्रस्ताव तपासणारा) किंवा कॉर्पोरेट बँकिंगचा मुक्काम लागतो.

बडोद्याहून सगळ्यात जवळची वाट माझ्या मते एमएसएमई (सूक्ष्म, लघु, मध्यम उद्योग) आणि कॉर्पोरेट रिलेशनशिपची. मकरपुरा, नंदेसरी, पोर-रमणगामडी, वाघोडिया, सावली, तिकडे पंचमहालात हालोल असा कारखान्यांचा पट्टा शहराभोवती आहे. रिफायनरी, खत आणि रसायनांचे मोठे कारखाने, त्यांना माल पुरवणारे शेकडो छोटे, ट्रान्सफॉर्मर आणि इंजिनिअरिंगवाले. यांना कॅश क्रेडिट (खेळत्या भांडवलाचं कर्ज) लागतं, एलसी लागते, गॅरंटी लागते. ट्रेड फायनान्स किंवा लोन ऑपरेशन्समधला माणूस इथे पहिल्या महिन्यापासून उपयोगी पडतो.

परकीय चलनाचा सेल्स ही दुसरी चांगली वाट. निर्यातदाराला तीन महिन्यांनी येणारे डॉलर आज फॉरवर्डने (पुढच्या तारखेचा भाव आजच ठरवून) बांधायचे का, हे समजावणं हे काम. डीलिंग रूम मुंबईत असते, पण ग्राहक इथे आहेत. २०१९ मध्ये सीसीआयएलने (क्लिअरिंग कॉर्पोरेशन ऑफ इंडियाने) एफएक्स-रिटेल हा परकीय चलनाच्या खरेदी-विक्रीचा ऑनलाइन मंच सुरू केल्यापासून ग्राहकाला बाजारातला भाव दिसू शकतो, त्यामुळे अज्ञानावर मार्जिन कमावण्याचे दिवस सरत चालले आहेत. सल्ला चांगला असेल तरच भाव मिळतो.

वेल्थ मॅनेजमेंट शाखेतल्या लोकांना सोपं वाटतं, कारण ग्राहक ओळखीचे असतात. तिथली अडचण टार्गेटच्या प्रश्नात सांगतो. इक्विटी रिसर्चला लिहिण्याची आणि ताळेबंद उकलण्याची खरी आवड हवी. केवळ ऑपरेशन्स सोडायचं म्हणून तिकडे जाऊ नका.

कॉर्पोरेट किंवा एमएसएमईकडे जायचं तर आधी काय शिकू?

ताळेबंद वाचायला शिका, आणि तो पुस्तकातून नको, आपल्याच बँकेच्या मंजूर झालेल्या प्रस्तावांतून. परवानगी मागून क्रेडिटवाल्याच्या शेजारी बसा.

सुरुवातीला दोन हिशेब हातात बसले पाहिजेत. पहिला नायक समितीने सुचवलेला, टर्नओव्हरचा (वार्षिक उलाढालीचा). पाच कोटींपर्यंतच्या खेळत्या भांडवलासाठी अंदाजित उलाढालीच्या २५ टक्के ही गरज धरतात, त्यातले उलाढालीचे २० टक्के बँक देते, ५ टक्के मालकाचे. वर्षाला १२ कोटींची उलाढाल असेल तर गरज ३ कोटी, बँकेची लिमिट २ कोटी ४० लाख, मालकाचे ६० लाख. मग खरा प्रश्न येतो: १२ कोटींचा अंदाज जीएसटी रिटर्नशी जुळतो का?

दुसरा ड्रॉइंग पॉवरचा (आज प्रत्यक्ष किती उचलता येईल याचा). स्टॉक १ कोटी, त्यातले ४० लाख अजून पुरवठादारांना द्यायचे आहेत, म्हणजे स्वतःच्या पैशाचा स्टॉक ६० लाख. २५ टक्के मार्जिन काढलं की ४५ लाख. ९० दिवसांच्या आतली येणी ८० लाख, त्यावरही २५ टक्के मार्जिन असेल तर ६० लाख. एकूण १ कोटी ५ लाख. लिमिट सव्वा कोटीची असली तरी आज वापरता येतात ते एवढेच. मार्जिन सॅन्क्शन लेटरप्रमाणे बदलतं, रीत हीच. स्टॉक स्टेटमेंट तीन महिन्यांहून जुनं झालं तर त्यावरची उचल अनियमित धरली जाते, आणि तशीच ९० दिवस चालली तर खातं एनपीए (थकीत कर्ज). मालकाला हे आधी सांगणारा आरएम आणि खातं एसएमए-२ मध्ये (एनपीएच्या आधीच्या शेवटच्या टप्प्यात) गेल्यावर धावत जाणारा आरएम, यांत केवढा फरक पडतो ते ऑपरेशन्समधल्या माणसाला वेगळं सांगायला नको.

कोणती परीक्षा देऊ?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. परीक्षा देणं हातात असतं, साहेबांशी बोलणं अवघड वाटतं, म्हणून आपण परीक्षेच्या मागे लागतो. आधी दिशा ठरवा, मग परीक्षा.

बँकेतच राहून क्रेडिटकडे जायचं असेल तर आयआयबीएफ या बँकिंग संस्थेच्या जेएआयआयबी आणि सीएआयआयबी या परीक्षा. २०२३ पासून जेएआयआयबीला चार पेपर आहेत, सीएआयआयबीला चार सक्तीचे आणि एक ऐच्छिक. ऐच्छिकमध्ये रिस्क मॅनेजमेंट घेतलेलं बरं. ट्रेडवाल्यांना सीडीसीएस हे एलसीच्या कागदपत्रांतल्या तज्ज्ञतेचं प्रमाणपत्र ओळख मिळवून देतं.

म्युच्युअल फंड विकायचे तर एनआयएसएम या सेबीच्या संस्थेची मालिका पाच-अ ही परीक्षा लागतेच. १०० प्रश्न, दोन तास, पास व्हायला ५० टक्के, प्रमाणपत्राची मुदत तीन वर्षं. त्यानंतर ईयूआयएन हा विक्रेत्याचा ओळख क्रमांक मिळतो. ही परीक्षा चार-सहा आठवडे संध्याकाळी बसून होते. रिसर्चसाठी मालिका पंधरा, सल्लागार व्हायचं तर दहा-अ आणि दहा-ब.

सीएफए (चार्टर्ड फायनान्शियल ॲनालिस्ट) ही मोठी गोष्ट आहे. तीन लेव्हल, प्रत्येकीसाठी सुमारे ३०० तास अभ्यास धरावा लागतो, आणि चार्टरसाठी किमान ३६ महिन्यांत ४,००० तासांचा संबंधित अनुभव. रिसर्च, पोर्टफोलिओ, इन्व्हेस्टमेंट बँकिंग यांपैकी काही नक्की ठरलं असेल तरच त्यात उतरा. एमएसएमई आरएम व्हायचं असताना सीएफएच्या दुसऱ्या लेव्हलला अडकलेली हुशार मुलं मी पाहिली आहेत. तेवढ्या वेळात त्यांनी शंभर कारखाने बघितले असते.

हे बडोद्यात राहून होईल, की मुंबईला जावंच लागेल?

दिशेवर अवलंबून आहे. आरएम, वेल्थ, फॉरेक्स सेल्स हे इथे होतं. ट्रेझरी डीलिंग, इन्व्हेस्टमेंट बँकिंग आणि बराचसा रिसर्च मुंबईत. बँक ऑफ बडोद्याचं मुख्यालय बडोद्यात असलं तरी कॉर्पोरेट सेंटर बांद्रा-कुर्ला संकुलात आहे, यावरून काय ते समजावं.

गिफ्ट सिटीबद्दल हल्ली सगळेच विचारतात. गांधीनगरजवळचं देशातलं पहिलं आंतरराष्ट्रीय वित्तीय सेवा केंद्र ते हेच, २०२० पासून त्याला आयएफएससीए हे स्वतःचं नियामक प्राधिकरण आहे, आणि अनेक बँकांची युनिट्स तिथे परकीय चलनात कर्जं देतात. बडोद्यापासून जवळ असल्याने आकर्षण समजतं. पण जाहिरातीत शहराचं नाव बघू नका, कामाचं वर्णन बघा. तिथेही ऑपरेशन्सच्या जागा असतात. त्या घेतल्या तर पत्ता बदलेल, काम तेच राहील.

स्वतःच्या बँकेत प्रयत्न करू की बाहेर?

आधी आत. बाहेरच्या बँकेला तुमच्या सीव्हीवर "ऑपरेशन्स" एवढंच दिसतं. आतल्या लोकांनी तुम्हाला मार्चअखेरीला रात्री उशिरापर्यंत बसून पार्टीचं पेमेंट सोडवताना पाहिलेलं असतं.

माझ्या अनुभवात चालणारी रीत अशी. ज्या आरएमच्या फाइली तुमच्याकडे येतात, त्यांपैकी चांगल्या एकाला पकडा. त्याला म्हणा, "सर, पुढच्या वेळी सावलीला त्या पार्टीकडे जाल तेव्हा मी येऊ का? त्यांचे कागद दर वेळी कुठे अडकतात ते मी समजावतो." यात त्याचाच फायदा आहे, नाही म्हणायला कारण नाही. दोन-चार भेटींनंतर ग्राहक तुम्हाला ओळखू लागतो. मग एखादं नवं खातं तुमच्या ओळखीतून येऊ द्या: मामांचा फॅब्रिकेशनचा छोटा कारखाना असेल, शेजारच्या काकांची एजन्सी असेल. लीड तुमच्या नावाने सिस्टिममध्ये नोंदवून घ्या. अंतर्गत जागा निघेल तेव्हा "मी धंदा आणू शकतो" हे म्हणावं लागत नाही, नोंद बोलते.

माझे साहेब मला सोडायलाच तयार नाहीत.

चांगल्या माणसाला कुणीच सोडत नाही. रागावू नका आणि डोक्यावरून उडी मारून थेट रीजनल हेडकडेही जाऊ नका. बडोदा लहान आहे, गोष्टी फिरतात. तुमच्या कामाची लेखी नोंद करा, एका ज्युनिअरला तयार करा आणि मग साहेबांना सांगा, "अमुक महिन्यापर्यंत ही डेस्क त्याच्याकडे नीट जाईल." त्यांची अडचण सुटली की अर्धा विरोध मावळतो. इतकं करूनही दुसऱ्यांदा अर्ज अडवला, तर बाहेर शोधायला मोकळे आहात.

सरकारी बँकेत आहे. मला हे लागू आहे का?

अधिकारी असाल तर तुमचं सोपं आहे. बदल्या होतच असतात, तेव्हा क्रेडिटची पोस्टिंग मागून घ्या. ग्रामीण शाखेतलं क्रेडिट असेल तरी घ्या. शेती आणि मुद्रा कर्जांत माणसं वाचायला शिकता येतं. ट्रेझरी किंवा फॉरेक्सच्या अंतर्गत निवडी निघतात त्यांच्या परिपत्रकांवर लक्ष ठेवा. लिपिक असाल तर आधी अधिकारीपदाची बढती, मग बाकी सगळं.

सीव्हीत काय लिहू?

"हँडल्ड ट्रेड फायनान्स ऑपरेशन्स" याने काही कळत नाही. कोणते व्यवहार, महिन्याला अंदाजे किती, कोणत्या उद्योगांचे, तुमच्यामुळे कुणाचे पैसे वाचले किंवा लवकर आले, हे लिहा. ग्राहकाचं नाव लिहू नका. एक पान पुरे.

मुलाखतीत "ऑपरेशन्स का सोडताय?" विचारलं तर?

कंटाळा, रात्रीची शिफ्ट, पगार यांपैकी काहीही सांगू नका, खरं असलं तरी. ही उत्तरं तिथून पळण्याची आहेत, आणि त्यांना तुम्ही इकडे का येताय हे ऐकायचं असतं. तुम्ही हाताळलेली एक खरी केस सांगा, नाव वगळून. अडचण काय होती, ग्राहकाला काय नुकसान होत होतं, तुम्ही काय केलंत, त्यातून बँकेला आणखी कोणता धंदा मिळू शकला असता. चार मिनिटांत. हे आरशासमोर नको, धंद्यातल्या एखाद्या काकांसमोर बोलून बघा; त्यांना समजलं तर पॅनेलला समजेल.

हमखास येणारा दुसरा प्रश्न म्हणजे "तुमच्या ओळखीने पहिल्या तिमाहीत कोणती पाच नावं आणाल?" याची तयारी नसेल तर मुलाखत तिथेच संपते.

माझं इंग्रजी फाडफाड नाही. आणि ग्राहक तर सगळे गुजराती.

बडोद्यातल्या मराठी मुलाला हा प्रश्न पडू नये असं मला मनापासून वाटतं. गल्लीत गुजराती, घरात मराठी, ऑफिसात हिंदी आणि कामापुरतं इंग्रजी, एवढी भाषांची पुंजी बाहेरून बदलून आलेल्या आरएमकडे नसते. मकरपुऱ्याच्या शेठना "भाई, केम छो" म्हणून मग हिशेबाचं बोलणं तुम्हाला शिकवावं लागत नाही. दिवाळीनंतर लाभ पाचमेपर्यंत कर्जाच्या भेटी मागायच्या नसतात, पण पाचमेला मुहूर्तावर पेढा घ्यायला जायचं असतं, हे तुम्हाला माहीत आहे.

इंग्रजी लिहिता मात्र आलं पाहिजे. क्रेडिट नोट (कर्जप्रस्तावाचं टिपण) इंग्रजीत असते आणि ती मुंबईत बसलेला माणूस वाचतो. छोटी, सरळ वाक्यं. रोज एक नोट वाचा आणि स्वतःच्या शब्दांत पुन्हा लिहा.

टार्गेटची भीती वाटते. खोटं बोलून विकावं लागतं का?

टार्गेट असतं, दर महिन्याला असतं, आणि त्याचा ताण खरा आहे. खोटं बोलावं लागतं का, तर तसं सांगणारे वरिष्ठ भेटतील. सत्तरीच्या आजी एफडी नूतनीकरणाला येतात आणि पाच वर्षं लॉक-इन असलेला युलिप (बाजाराशी जोडलेला विमा) घेऊन परत जातात. त्यांना वाटतं एफडीच केली. हे पाप आहे, दुसरा शब्द नाही. आणि ऑपरेशन्समध्ये तक्रारींच्या फाइली हाताळलेल्या माणसाला त्याचा शेवट काय होतो ते माहीत असतं. अशा वेळी नाही म्हणा. एखादा महिना कमी जाईल. दांडिया बाजारात तुमचे आईवडील ज्यांना रोज भेटतात, त्याच लोकांत तुम्हाला उद्या काम करायचं आहे.

वेल्थपेक्षा कॉर्पोरेट बाजूला हा दबाव वेगळ्या रूपात येतो: कमजोर खात्याला चांगलं दाखवून प्रस्ताव लिहायचा दबाव. तिथेही उत्तर तेच. सहा महिन्यांनी ते खातं थकलं की खाली तुमची सही असते.

मुलींसाठी हे काम कसं आहे?

कामात फरक नाही, आणि मला भेटलेल्या उत्तम क्रेडिट माणसांत बायका बऱ्याच आहेत. अडचण असते ती फिरण्याची. हालोल-सावलीच्या भेटी, कधी संध्याकाळ होते. बँकेकडून गाडी आणि सोबतीला क्रेडिट किंवा शाखेचा माणूस मागून घ्या. युनिट व्हिजिट दोघांनी करणं तसंही चांगली रीत आहे. वेळ तुम्ही ठरवा, सकाळी अकराची ठरवा.

माझं वय चौतीस आहे. उशीर झाला का?

डीलिंग रूमसाठी बहुधा हो. रिलेशनशिपसाठी अजिबात नाही. पन्नाशीचा कारखानदार पंचविशीतल्या मुलाशी कर्जाबद्दल मोकळं बोलत नाही, तुमच्याशी बोलेल. फक्त हुद्दा एक पायरी खाली मिळू शकतो, ती तयारी ठेवा.

पगार लगेच वाढतो का?

लगेच नाही. अंतर्गत बदलीत मूळ पगार बहुधा तोच राहतो, वाढतो तो कामगिरीवरचा हिस्सा, आणि तो आला तर आला. म्हणून सहा महिन्यांचा घरखर्च आणि हप्ते बाजूला ठेवून मगच हलावं. गृहकर्ज नुकतंच घेतलं असेल तर वर्षभर थांबणं शहाणपणाचं आहे, तेवढ्यात वरची तयारी होते.

घरचे म्हणतात, चांगली स्थिर नोकरी आहे, कशाला नसता उद्योग?

त्यांचं चुकत नाही. त्यांच्या पिढीने बँकेत एकदा लागून निवृत्त होईपर्यंत तिथेच काम केलं, आणि त्यावर घरं उभी राहिली. पण रोजच्या नोंदी, जुळवाजुळव, कागद तपासणं यातलं बरंच काम आता यंत्राकडे आणि एखाद्या दूरच्या प्रोसेसिंग केंद्राकडे जातंय, हे त्यांना शांतपणे सांगा. आईवडिलांना आकडे दाखवा: बचत किती, हप्ता किती, जमलं नाही तर परतीची वाट कोणती. बाबा स्वतः बँकेतले असतील तर त्यांना एखादी क्रेडिट नोट वाचायला द्या आणि मत विचारा. विरोध करणारा माणूस सल्ला देऊ लागतो, आणि तो सल्ला बहुतेक वेळा चांगलाही असतो.

पुढे गेल्यावर पहिले सहा महिने काय करावं?

जुन्या डेस्कशी नातं तोडू नका. पुढे गेलेले बरेच जण महिन्याभरात ऑपरेशन्सवाल्यांवर फोनवर ओरडू लागतात, हे मला फार खटकतं. काल ज्या कटऑफसाठी तुम्ही झगडत होता, तो आज तुमच्या ग्राहकासाठी मोडायला लावू नका. कागद पूर्ण पाठवा, वेळेत पाठवा. तुमच्या फाइली सगळ्यात आधी हलतील आणि ग्राहकाला त्याचं कारण कधी कळणारही नाही.

हातातली खाती आधी नीट बघा, प्रत्येक कारखान्यात स्वतः जा, शॉप फ्लोअरवर उभं राहा. मशीन चालू आहेत का, कच्च्या मालावर धूळ आहे का, कामगार किती शिफ्टमध्ये आहेत. स्टॉक स्टेटमेंटवर जे लिहिलंय ते डोळ्यांनी बघितल्याशिवाय रिन्यूअलच्या नोटवर सही करू नका.

बँक बदलताना ग्राहकांची यादी सोबत नेली तर चालेल का?

नाही. यादी, एक्सेल, स्टेटमेंट, स्वतःच्या मेलवर पाठवलेलं काहीही नाही. ती माहिती बँकेची आणि ग्राहकाची आहे, आणि हल्ली सिस्टिममधून बाहेर गेलेला प्रत्येक मेल दिसतो. ज्यांच्याशी खरं नातं जुळलं आहे ते तुमचा नवा नंबर स्वतः शोधून काढतात. आले तर त्यांचं खातं नव्या बँकेत रीतसर, नव्याने केवायसी करून आणि आधीच्या बँकेचं ना-हरकत पत्र घेऊन सुरू करा.